कानडीतल्या कागदावर सही करण्याआधी

बेळगावात उद्यमबागेत नाहीतर मच्छेच्या शेडात लागलेल्या पोराला मशीन दोन महिन्यांत कळतं, साहेब दोन वर्षांतही कळत नाही. मॅनेजर बदलला की शिफ्ट, सुट्टीचा वार, टार्गेट सगळंच बदलतं. चिडू नका, हिशोब मांडा. सीएनसी मशीनवर एका नगाला ६ मिनिटं लागतात म्हणून साहेब शिफ्टची ४८० मिनिटं भागिले ६ करून ८० नग मागतो. जेवणाची ३० आणि सेटिंगची ४५ मिनिटं त्यानं धरलेलीच नसतात. उरतात ४०५, म्हणजे ६७ नग. सेटिंग कधी धरलं, पहिला नग कधी पास झाला, इन्सर्ट (कापणारं टोक) कधी बदललं, वेळ घालून खिशातल्या वहीत लिहा. तोंडी वादात तुम्हीच हरणार.

हे सोसता येतं. फास वेगळाच आहे. "फक्त कंपनीचं नाव बदलतंय" म्हणत ऑफिसवाला दोन कागद पुढं करतो, दोन्ही कानडीत. बोलता येतं पण वाचता येत नाही, अशी आपल्यातल्या बऱ्याच जणांची गत. मागं रांग, हातात पेन, सही होऊन जाते. पहिला कागद राजीनामा, दुसरा कंत्राटदाराकडं नवी नेमणूक. मशीन तेच, गेट तेच, नोकरी मात्र शून्यापासून! नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीला कायम कामगाराची सलग ५ वर्षं लागतात: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८,००० वर ८ वर्षांचे साधारण ८३ हजार. त्याच ८ वर्षांचे ४ आणि ४ असे तुकडे पडले की कागदावर शून्य, मग बसा भांडत.

कागद कानडी येणाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. "राजीनामे" ऐकू आलं की थांबा, शब्द आपलाच आहे. "स्वइच्छेयिंद" म्हणजे स्वखुशीनं. फोटो काढा, "घरी दाखवून उद्या देतो" म्हणा. "सगळ्यांनी केली, तू पण कर की" म्हणणाऱ्या सीनियरकडून काम शिका, सल्ला घेऊ नका.

सही झालीच असेल तरी सगळं बुडालं असं नाही. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी बघा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो. पण जुन्या मेंबर आयडीवर (त्या कंपनीतल्या पीएफ खात्यावर) नोकरी सोडल्याची तारीख पडली असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि पगाराच्या स्लिपा घेऊन लेबर ऑफिस गाठा. जुना पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला १० वर्षं मोजतात.

आणि वैतागून कोल्हापूरकडं शिरोलीला नाहीतर पुण्याकडं चाकणला जायचंच असेल तर खुशाल जा. फक्त ४ वर्षं १० महिने भरले असतील तर आणखी दोन महिने दात-ओठ खात काढा.