खमस अर्बैन व अलफ: मध्ययुगीन इतिहासात नवीन येणाऱ्यांसाठी थोडा अनुभव

पुण्यात मोडीचा क्लास लावला की वर्षभरात अक्षरं लागायला लागतात, पण वाचलेलं चार लोकांना सांगायचं कसं हे कोणी शिकवत नाही, मी तरी आपटी खातच शिकलो. पहिल्या चर्चासत्रात वेळ पंधरा मिनिटं आणि माझ्याकडे बावीस पानं. सातव्या पानावर अध्यक्षांची चिठ्ठी आली आणि माझा निष्कर्ष पिशवीतच राहिला. तेव्हापासून एका निबंधात एकच कागद आणि एकच मुद्दा. मूळ पत्राचा फोटो पडद्यावर टाकायचा, खाली आपलं लिप्यंतर, आणि जे अक्षर लागलं नाही तिथे सरळ प्रश्नचिन्ह. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे सभागृहात कोणीतरी वेगळं वाचतंच, तेव्हा तोंड पाडायचं नाही, चहाच्या वेळी त्यांच्याच शेजारी जाऊन बसायचं.

लोकांपुढे बोलायचं म्हणजे हेच सगळं जरा सोपं करायचं असं मला वाटायचं. मुळशीकडच्या एका गावात बोलायला गेलो तोवर.

पत्रावर साल होतं 'खमस अर्बैन व अलफ', म्हणजे अरबीत पाच, चाळीस आणि हजार, शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) १०४५. मी छाती काढून सांगितलं, यात ५९९ मिळवा, झालं इसवी सन १६४४. मग घाबरत घाबरत म्हणालो की हे वर्ष जरा किचकट आहे, सूर्य मृगात गेला की बदलतं. (शहरात यावर मला वेगळी स्लाइड लागते आणि तरी लोक मोबाईल बघतात.) पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "त्यात किचकट काय पोरा, मृग निघाला की पेरणी, पेरणी झाली की वर्ष चालू." आणि लगेच, "मग हे पत्र मृगाच्या आधीचं का नंतरचं?"

मी गप्प. कारण हिशोब असा आहे की मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००, आणि मी महिना तपासलाच नव्हता. महिना होता रबिलावल, तो हिजरी, चांद्र, दरवर्षी मागे सरकणारा, म्हणजे नुसत्या नावावरून काही कळत नाही, जंत्रीच (तारखा जुळवायचं कोष्टक) काढावी लागते. रात्री घरी येऊन काढली. पत्र मृगाच्या आधीचं, १६४५ चं. आणि माझा सारांश १६४४ लिहून एका परिषदेला गेलेला! दुसऱ्या दिवशी माफी मागत दुरुस्ती पाठवली.

आता माझा क्रम उलटा झालाय, आधी गावात सांगतो, मग निबंध पक्का करतो. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, असेल तर फारच उपयोग होतो. खालच्या टप्प्यात लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, एवढं आपण सांगायचं, पण दगड पूर्वी कुठे उभा होता आणि देवळाजवळ कधी आणला हे म्हाताऱ्या माणसांनाच माहीत असतं, ते लिहून घ्या. गधेगळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेला दानाचा दगड) असेल आणि समोर शाळेची मुलं असतील तर वरच्या चंद्रसूर्यावर जास्त बोला, दान चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावं म्हणून ते कोरतात. खालच्या गाढवाबद्दल मोठी माणसं नंतर बाजूला घेऊन विचारतातच.

एक मात्र सांभाळा, "हा वीर आमच्याच घराण्यातला ना?" हे हमखास विचारतात. दगडावरच्या लेखात नाव नसेल तर नाही म्हणायचं, समोर सरपंच असले तरी. मी एकदा "असू शकेल" म्हणालो, आठवड्यात व्हॉट्सॲपवर दगडाचा फोटो फिरत होता, खाली घराण्याचं नाव आणि वर "संशोधकांनी सिद्ध केले".