जुन्या शिडाच्या होडीवरील सैल क्लीट आणि स्टँशन कसे बसवावेत

१९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये अमेरिकेतील पिअर्सन कंपनीने ‘ट्रायटन’ ही सुमारे २८ फूट लांबीची फायबरग्लासची होडी मांडली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्याच धर्तीच्या हजारो होड्या पाण्यात उतरल्या. त्यांतल्या पुष्कळ अजून चालतात, कारण फायबर सहजासहजी कुजत नाही. कुजतो तो डेकच्या, म्हणजे होडीच्या वरच्या पृष्ठभागाच्या, पोटातला बाल्सा. वर फायबरचा एक पातळ थर, खाली दुसरा आणि मध्ये बाल्सासारखे हलके लाकूड, अशी या डेकची रचना असते. क्लीट (दोर बांधायचा खुंटा), स्टँशन (कठड्याचा उभा खांब), हँडरेल (हाताने धरायची दांडी) किंवा शिडाचे दोर सरकवणाऱ्या रुळाचा प्रत्येक बोल्ट या तिन्ही थरांतून आरपार जातो, आणि बोल्टाच्या डोक्याखालचे सीलंट (फट बुजवणारा चिकट लेप) वाळून तडकले की त्याच वाटेने पाणी मधल्या लाकडात उतरते.

म्हणून स्टँशन हलू लागला की पाना घेऊन नट आवळणे, हा बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय, बऱ्याचदा नुकसानच वाढवतो. लाकूड मऊ झालेले असेल तर नट आवळताना दोन्ही थर एकमेकांकडे दाबले जातात, डेकला खळगा पडतो आणि पाणी साचायला आयती जागा मिळते. कोकणातल्या जुन्या लाकडी होड्यांत फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासलेला असतो, आणि पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगून सांधा आपोआप घट्ट होतो. ती सवय मनात ठेवून फायबरच्या होडीकडे पाहू नये, कारण इथे फुगणारे लाकूड फक्त थर एकमेकांपासून सुटे करते आणि मध्ये फट पडते. अमेरिकेतील चेसापीक उपसागराच्या परिसरात हिवाळ्यात आत अडकलेले पाणी गोठून ही फट आणखी रुंद होते. मुंबईकडे पावसाळ्यासाठी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली, तरी चार महिने डेकवर पाऊस पडतच असतो.

काम सुरू करण्यापूर्वी डेक वाजवून पाहावा. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने किंवा नाण्याने स्टँशनच्या पायाभोवती हलकेच ठोकत जावे. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, भिजलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाची हद्द पेन्सिलने आखून ठेवावी. पायापासून चारी बाजूंना फाकलेल्या बारीक भेगा म्हणजे तो भाग बराच काळ हलत असल्याची खूण, आणि आतल्या बाजूला बोल्टावरून चहाच्या रंगाचे पाणी ओघळत असेल तर लाकूड कुजू लागलेले आहे असे समजावे. केबिनमध्ये जिथे थेंब पडतो तिथेच गळती असेल असे मात्र गृहीत धरू नये, कारण पाणी छताच्या आतल्या बाजूने बरेच लांब वाहत जाते. आखलेला भाग हातभर पसरलेला असेल, तर वरचा थर कापून लाकूड बदलावे लागते आणि ते काम या लेखाच्या पलीकडचे आहे.

बोल्ट काढायला दोन माणसे हवीत: एकाने डेकवर बोल्टाचे डोके स्थिर धरावे, दुसऱ्याने आतून नट फिरवावा. बोल्ट ओला, तपकिरी किंवा बारीक खड्डे पडलेला निघाला तर तो परत वापरू नये. प्राणवायू न पोहोचणाऱ्या ओल्या जागी स्टेनलेस स्टीलही आतून खाल्ले जाते. नवे बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

आता मुख्य काम, म्हणजे बोल्ट आणि लाकूड यांची कायमची फारकत. पाव इंची बोल्टासाठी वरचा थर आणि लाकूड यांत अर्ध्या इंचाचे छिद्र पाडावे; खालचा थर तसाच राहू द्यावा. वाकवलेली ॲलन की (षटकोनी चावी) ड्रिलमध्ये लावून फिरवली की आजूबाजूचे मऊ लाकूड भुश्श्यासारखे बाहेर येते. कोरडे, पांढरट लाकूड लागेपर्यंत खरवडावे. मग ताडपत्रीखाली छिद्रे उघडी ठेवून ती पूर्ण वाळू द्यावीत. या पायरीत घाई केली की पुढची सारी मेहनत वाया जाते. ॲसिटोन ओतून लाकूड वाळवण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण बंद केबिनमध्ये त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून तो पाळू नये.

वाळल्यावर खालून टेप लावून छिद्र बंद करावे. आधी नुसते पातळ इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारी राळ) घालून लाकडाला पिऊ द्यावे, मग त्यात सिलिकाची पूड मिसळून पातळ पिठल्याइतके घट्ट मिश्रण भरावे. खोल छिद्र एकदम भरू नये, कारण जास्त इपॉक्सी एकत्र असले की ते स्वतःच्याच उष्णतेने तापते. हातमोजे आणि पूड मिसळताना मास्क हवाच. घट्ट झाल्यावर वर चिकट थर आला असेल तर आधी पाण्याने धुवावे, मग घासावे, आणि मधोमध बोल्टाच्या मापाचे छिद्र पाडावे. वरच्या तोंडाला काउंटरसिंकने (छिद्राचे तोंड रुंद करणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) थोडा उतार द्यावा. त्या खोलगट जागेत सीलंटचे कडे तयार होते आणि गळती थांबते ती मुख्यतः त्यामुळे.

सीलंटबाबत माझे मत ठाम आहे. सिलिकॉन या कामाला वापरू नये, कारण त्याचा तेलकट अंश डेकवर उरतो आणि पुढच्या खेपेला दुसरे काहीच धरत नाही. कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेनही टाळावे. पुढे कधी स्टँशन काढायचा झाला तर त्याच्याबरोबर जेलकोटही (फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर) निघून येईल. पॉलिसल्फाइड चांगले, मात्र काही प्लास्टिकना ते खाते. धातूच्या भागांसाठी मी ब्युटाइलची (चिकट रबराची) फीत पसंत करतो: कणकेसारखी बोटांत मळून बोल्टाच्या डोक्याखाली शंकूसारखी गुंडाळावी आणि पायाखाली पातळ थर द्यावा. डिझेल किंवा पेट्रोल भरण्याच्या तोंडाजवळ मात्र ती विरघळते.

आतून बारीक वायसरऐवजी बोल्टांना एकत्र धरणारी पट्टी बसवावी. काच-इपॉक्सीची सुमारे ६ मिलिमीटर जाडीची पट्टी उत्तम. ती पायाच्या मापापेक्षा थोडी मोठी असावी आणि तिचे कोपरे गोल करावेत. खालचा थर खडबडीत असेल तर पट्टी घट्ट इपॉक्सीत बसवावी, नाहीतर सारा भार दोन उंचवट्यांवर येतो. नट आवळताना पुन्हा तोच नियम: बोल्ट स्थिर, फिरवायचा तो नट. ब्युटाइल हळूहळू दबते, म्हणून एका दिवसात सारा ताण न देता दोन-तीन दिवसांत थोडे थोडे आवळावे आणि कडेने बाहेर आलेला भाग कापून टाकावा.

आतल्या नटांभोवती सीलंट लावू नये. वरून गळती झालीच तर ती आत लगेच दिसायला हवी. खालून बंद केले की पाणी लाकडातच अडकते. नटांपर्यंत पोहोचण्यासाठी केबिनच्या छताच्या काढलेल्या पट्ट्या परत लावण्याआधी पाइपने पाणी सोडून पाहावे, आणि शक्य असल्यास पहिला मोठा पाऊस होईपर्यंत त्या उघड्याच ठेवाव्यात.