वसंताची तयारी करताना बागकाम मंडळांनी टाळायच्या चुका

हिवाळा ओसरून पहिले उबदार ऊन पडले की स्वयंसेवकांच्या बागेत एकाच सकाळी बरीच माणसे उत्साहाने जमतात, आणि हंगामाचे मोठे नुकसान अनेकदा त्याच सकाळी होऊन जाते. घरच्या बागेत एक माणूस चुकला तर एखादा वाफा बिघडतो. मंडळाच्या बागेत मात्र तीच चूक अनेक हातांनी, सगळ्या वाफ्यांवर, तासाभरात होते. म्हणून काय करायचे हे ठरवण्याइतकेच कोणते काम केव्हापर्यंत थांबवायचे आणि ते कोणाकडे सोपवायचे, हेही आधी ठरवावे लागते. पुढील बहुतेक चुकांचे मूळ घाईत आहे किंवा जबाबदारी नेमकी कोणाची हे न ठरवण्यात आहे.

वाफसा येण्याआधी मातीत उतरणे

वरचा थर कोरडा दिसला म्हणून माती तयार झाली असे होत नाही. सुमारे दहा सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती घेऊन ती दाबावी आणि त्या गोळ्याला अंगठ्याने टोचावे. गोळा भुसभुशीत होऊन चुरला तर वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकाच ओलावा, आला आहे, आणि तो चिकट, लकाकणारा राहिला किंवा त्यातून पाणी निघाले तर त्या दिवशी कुदळ आणि फावडे दोन्ही बाजूला ठेवावीत. ओल्या मातीवर पाय पडले की तिच्या कणांमधल्या पोकळ्या दबतात, मुळांना हवा मिळत नाही, पाणी खाली झिरपत नाही, आणि चिकणमाती असेल तर ऊन लागताच तिची कठीण ढेकळे बनतात, जी पुढे संपूर्ण हंगामभर फुटत नाहीत.

माणसे जमली आहेत आणि माती ओली आहे, हा प्रसंग दर वर्षी येतो. त्यामुळे समन्वयकाने आदल्या संध्याकाळी मातीची तपासणी करावी आणि कोरड्या कामांची यादी हाताशी ठेवावी. अवजारांना धार लावणे, बियाण्यांची उगवण तपासणे, नावाच्या पट्ट्या लिहिणे, वाटा दोरीने आखणे ही कामे एका सकाळीपुरती सहज पुरतात. वाफ्याची रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त नसेल तर दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि आत पाय ठेवण्याची गरजच उरत नाही. माती आधीच तुडवली गेली असेल, तर ती ओली असतानाच पुन्हा उकरून दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. ती पुरेशी वाळू द्यावी, दाते असलेल्या फावड्याने न उलथता केवळ सैल करावी आणि वर चांगल्या कंपोस्टचा थर द्यावा. उरलेले काम मुळे आणि गांडुळे सावकाश करतात.

फुकट मिळालेले खत न तपासता पसरणे

स्वयंसेवी मंडळाला पैशांची चणचण असते आणि कोणीतरी ट्रॉलीभर शेणखत किंवा घोड्याची लीद देऊ केली की ती नाकारणे अवघड जाते. माझ्या मते वसंताच्या तयारीतील सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते, कारण चुकीचे बियाणे एका हंगामात संपते, पण चुकीचे खत मातीत राहते.

पहिली अडचण ताजेपणाची असते. न कुजलेल्या खतातून निघणारा अमोनिया कोवळी मुळे भाजून टाकतो, तणांचे बी जिवंत राहते, आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणूही त्यात असू शकतात. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार कच्चे शेणखत घातल्यावर, ज्यांचा खाण्याचा भाग मातीला लागतो अशा पिकांची काढणी किमान १२० दिवसांनंतर आणि इतर पिकांची किमान ९० दिवसांनंतर करावी लागते. कोठल्याही बागेसाठी हा हिशेब उपयोगी आहे, कारण त्यावरून लगेच कळते की वसंतात घातलेले ताजे खत त्याच हंगामातील मुळा, गाजर किंवा पालेभाजीला चालणार नाही. ते ढिगात घालून कुजवावे. ढीग पुरेसा मोठा असेल, ओलावा पिळलेल्या कापडाइतका असेल आणि आतले तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर टिकत असेल, तर अधूनमधून खालीवर करत राहिल्यास त्याचे सुरक्षित कंपोस्ट होते.

दुसरी अडचण दिसत नाही म्हणून अधिक गंभीर आहे. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड यांसारखी तणनाशके कुरणांवर फवारली जातात, गवतात टिकतात, जनावराच्या पोटातून जवळजवळ तशीच बाहेर पडतात आणि खत कुजल्यावरही काही काळ शिल्लक राहू शकतात. अशा खतात लावलेल्या टोमॅटो, बटाटा, वाटाणा आणि घेवड्याची नवी पाने वाटीसारखी वळतात, अरुंद होतात, शेंडे पिळवटतात, आणि मंडळातील लोक विषाणूजन्य रोग समजून भलतेच उपाय करत बसतात. देणाऱ्याला कुरणावर काय फवारले होते हे विचारावे. त्याला सांगता आले नाही तर चाचणी करावी. काही कुंड्यांत ते खत स्वच्छ मातीत निम्म्याने मिसळावे, तेवढ्याच कुंड्यांत नुसती स्वच्छ माती ठेवावी आणि दोन्हींत घेवड्याचे बी लावावे. तीन-चार आठवड्यांत खरी पाने (बीजदलांनंतर येणारी) निघाल्यावर दोन्ही गटांत फरक दिसला, तर ते खत वाफ्यांत घालू नये. खत आधीच पसरले गेले असेल तर त्या वाफ्यात या हंगामात मक्यासारखे गवतवर्गीय पीक घ्यावे आणि त्याचे अवशेष कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत.

लाकडाचा भुसा आणि फांद्यांचा चुरा हेही असेच फुकट मिळतात. ते आच्छादन म्हणून मातीच्या वर ठेवल्यास उत्तम असतात, परंतु मातीत मिसळल्यास कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतला नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि पिकाची जुनी पाने पिवळी पडू लागतात.

माती न तपासता चुना टाकणे

मागच्या वर्षी टाकला होता म्हणून याही वर्षी चुना, हे कारण पुरेसे नाही. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ या दरम्यानचा सामू (मातीची आम्लता दाखवणारा pH) मानवतो. तो त्याहून वर गेला तर लोह आणि मँगनीज मातीत असूनही पिकाला मिळत नाहीत. वेगवेगळ्या जागांवरून सुमारे पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन एकत्र करावी आणि तपासून घ्यावी. चुन्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, त्यामुळे हे काम खरे तर शरद ऋतूत करायचे असते.

पंचांगातील तारीख पाहून बी पेरणे

हवा उबदार झाली तरी माती मागे राहते. वाफ्यात पाच सेंटिमीटर खोलीवर तापमापक रोवून काही दिवस सकाळी नोंद घेतली, तर अंदाजापेक्षा बरेच विश्वसनीय उत्तर मिळते. वाटाणा आणि पालक ५ ते ७ अंशांतही सावकाश का होईना उगवतात. घेवडा, काकडी आणि भेंडी यांना मात्र किमान १५ अंशांची ऊब लागते, आणि त्याआधी पेरलेले बी थंड ओलाव्यात कुजून जाते. उगवले नाही म्हणून लोक बियाण्याला दोष देतात आणि त्याच थंड मातीत पुन्हा पेरतात.

बियाण्याचा दोष असतोही, कारण मंडळाच्या कपाटात वर्षानुवर्षांची पाकिटे साठतात. कांद्याचे बी वर्षभरातच कमजोर होऊ लागते, टोमॅटो आणि काकडीचे मात्र कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षे चांगले राहते. दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. सात किंवा अधिक उगवल्या तर बियाणे वापरावे, पाच-सहा उगवल्या तर दाट पेरावे, आणि त्याहून कमी उगवल्या तर पाकीट टाकून द्यावे.

खिडकीशी वाढवलेली रोपे उंच, बारीक आणि फिकट होतात, याचे कारण बहुधा खताची कमतरता नसून प्रकाशाची कमतरता असते. दिवे वापरत असाल तर ते रोपांच्या अगदी जवळ, परंतु पानांना उष्णता लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवावेत आणि दिवसाचे १४ ते १६ तास चालू ठेवावेत. रोपे जमिनीलगत काळवंडून एकाएकी आडवी पडत असतील, तर तो पिथियम किंवा रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे होणारा रोग आहे. त्यातून रोप वाचत नाही, म्हणून तो ट्रे वेगळा करावा, उरलेल्या ट्रेंना खालून पाणी द्यावे, वरचा थर मधूनमधून सुकू द्यावा, हवा खेळती ठेवावी आणि जुने ट्रे धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय पुन्हा वापरू नयेत. अनेक माणसे आळीपाळीने रोपवाटिकेत येत असतील तर प्रत्येक जण थोडे थोडे पाणी घालतो, आणि हा रोग पसरण्याचे ते मोठे कारण ठरते.

रोपे बाहेर लावण्याआधी सात ते दहा दिवस त्यांना ऊन-वाऱ्याची सवय करून द्यावी. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू उन्हात. हा टप्पा गाळल्यास पानांवर पांढुरके डाग पडतात. टोमॅटो आणि मिरचीची रोपे रात्रीचे तापमान सातत्याने १० अंशांच्या वर राहू लागल्यावरच वाफ्यात न्यावीत.

सगळे एकदम छाटून, उपटून स्वच्छ करणे

वसंतात फुलणारी बहुतेक झुडपे मागच्या वर्षीच्या फांद्यांवर कळ्या धरून असतात. ती आत्ता छाटली तर या वर्षीचा बहर जातो, म्हणून त्यांची छाटणी फुले ओसरल्यावर करावी. उन्हाळ्यात नव्या फुटीवर फुलणारी झुडपे मात्र वसंताच्या सुरुवातीला छाटावीत. कोणते झुडूप कोणत्या गटात आहे हे न कळणाऱ्या माणसाच्या हातात कात्री देऊन त्याला स्वच्छता कर असे सांगू नये. छाटायच्या झुडपांना आदल्या दिवशी रंगीत फीत बांधून ठेवावी. वाळलेल्या पोकळ देठांमध्ये एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची पिल्ले असू शकतात, म्हणून हे देठ तगून राहू देता आले तर फारच चांगले, नाहीतर ते जमिनीशी न कापता थोडे उंच ठेवून कापावेत.

हरळी आणि लव्हाळा ही तणे यंत्राने नांगरून काढण्याचा प्रयत्न करू नये. यंत्र त्यांच्या कांड्यांचे तुकडे करते, लव्हाळ्याच्या गाठी इतरत्र पसरवते, आणि एका तुकड्यातून नवे रोप उभे राहते. ही कामे खुरप्याने, मुळापर्यंत जाऊन, कंटाळवाणी वाटली तरी हातानेच करावी लागतात.

अवजारे, पाणी आणि माणसांची काळजी

ठिबकच्या नळ्या लागवडीपूर्वी जोडून, टोके उघडून पाणी सोडावे आणि गाळणी धुवावी. रोपे लावल्यावर गळती सापडली तर ती रोपे तुडवूनच दुरुस्त करावी लागते. छाटणीच्या कात्र्या झाडागणिक ७० टक्के अल्कोहोलने पुसाव्यात. कुंडीच्या मातीच्या पिशव्या तोंडापासून दूर धरून, शक्यतो ओलसर करून, मोकळ्या हवेत उघडाव्यात, कारण अशा मिश्रणांत श्वासावाटे फुफ्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू आढळू शकतात. मातीत काम करणाऱ्या प्रत्येकाची धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, हेही विचारून घ्यावे.

ज्या कामाला नाव नाही ते काम

पाणी सगळ्यांनी घालायचे असे ठरले की एकतर कोणीच घालत नाही किंवा तिघे जण घालतात. प्रत्येक दिवसाला एक माणूस आणि त्याच्या जागी येणारा दुसरा, अशी दोन नावे फाटकाशी लावलेल्या तक्त्यावर असावीत, आणि पाणी घातल्यावर तिथेच खूण करावी. वाफ्यांचा नकाशाही तिथेच लावावा, कारण टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातील आहेत आणि तीन-चार वर्षे त्याच वाफ्यात परत येऊ नयेत, ही फेरपालट कोणाच्या आठवणीवर सोडता येत नाही.

नवीन स्वयंसेवक उगवलेले गाजर तण समजून उपटतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. पेरलेल्या ओळींच्या दोन्ही टोकांना काडी रोवावी, पट्टीवर पेन्सिलने पिकाचे नाव आणि पेरणीची तारीख लिहावी, कारण बऱ्याच शाईच्या खुणा उन्हात पुसट होतात, आणि पहिल्या खुरपणीच्या दिवशी जाणत्या माणसाने नव्या माणसाच्या शेजारी बसून गाजराची पहिली पाने दाखवावीत.