मोबाइलच्या व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळत नाहीत?

हरिपूरच्या संगमावर मामांशी मारलेल्या 20 मिनिटांच्या गप्पा मोबाइलवर शूट केल्या. एडिटिंगला घेतल्यावर सुरुवात ठीक, पण शेवटाकडे मामांचे ओठ मिटले तरी आवाज चालूच! मोबाइल दर सेकंदाला तेवढ्याच फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) घेत नाही, संख्या कमीजास्त होते, म्हणून असं होतं. आवाज हाताने सरकवत बसू नका, मी सगळी दुपार घालवली त्यात.

1. फाइल केबलने कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवली की चित्राचा पार चोथा होतो.
2. ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडा.
3. ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये एन्कोडर एच.264 आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) 30 ठेवा (शूटिंग 60 वर असेल तर 60). खाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, म्हणजे दर सेकंदाला फ्रेम तेवढ्याच राहतात. हेच राहून जातं, कारण तिथे बहुधा आधीपासून ‘पीक फ्रेमरेट’ निवडलेलं असतं.
4. क्वालिटी 18 ते 20. इथे उलटा हिशेब आहे, आकडा कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी.
5. स्टार्ट करून चहा घेऊन या. मग ही नवी फाइलच एडिटिंगला घ्या.

एकच सांभाळा: व्हिडिओ पूर्ण तयार होऊन शेवटपर्यंत बघून होईतो मोबाइलमधली मूळ फाइल उडवू नका.