डर्वेंट धरणावर वसंतात पक्षी बघताना या चुका टाळा

भिगवणच्या सवयीचा माणूस इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टला गेला, की डर्वेंट किंवा हाउडन धरणावर हटकून पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. तासाभराने पदरात काय, तर चार मॅलार्ड बदकं आणि कॅनडा गूज. उजनीचा फुगवटा उथळ, गाळाचा. म्हणून तिथे थवे उतरतात. इथलं पाणी पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीच्या, माळावरून झिरपत येतं. ते थंड, खोल आणि आम्लधर्मी असल्याने त्यात खाणं बेताचंच. तेव्हा पाण्याकडे पाठ करा. एप्रिल-मेमध्ये बघायचं ते काठच्या गोट्यांत, घळींत आणि वर हेदरच्या खुरट्या झुडपांच्या माळावर.

गोट्यांवर शेपूट हलवत फिरते ती तुतारी, म्हणजे कॉमन सँडपायपर. हिवाळ्यात आपल्या नदीकाठी दिसते तीच जात, पण इथे ती विणीसाठी आलेली असते. ती सारखी ओरडत तुमच्याभोवती घिरट्या घालू लागली, तर छान पोज देतेय म्हणून कॅमेरा सरसावू नका. अंडी किंवा पिल्लं जवळच असणार. आल्या पावली मागे फिरा.

घळीतला प्रत्येक काळा पक्षी ब्लॅकबर्ड म्हणून सोडून देणं ही तर फारच महागात पडणारी चूक. त्याच्यासारखाच दिसणारा रिंग ऊझल मार्चअखेरीपासून इथे येऊ लागतो. नराच्या छातीवर ठसठशीत पांढरी चंद्रकोर असते, मादीची मळकट. कोर नीट दिसली नाही तर पंख बघा: रुपेरी झाक असेल, तर तो ब्लॅकबर्ड नाही. दगडांतून कडक ‘टक्-टक्’ ऐकू आलं की थांबायचं आणि दुर्बिणीने एकेक खडक चाळायचा. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढायची आपल्याकडची खोड मात्र घरीच ठेवा. विणीच्या दिवसांत नर खाणंपिणं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे धावत बसतो.

पायवाट सोडू नका. कर्ल्यू, गोल्डन प्लोव्हर, रेड ग्राउझ सगळे जमिनीवरच अंडी घालतात. कुत्रा बरोबर असेल तर या खुल्या माळांवर 1 मार्च ते 31 जुलै त्याला जास्तीत जास्त 2 मीटरच्या दोरीवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.

बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, उशिरा पोचाल, तर धरणाजवळच्या फेअरहोम्सच्या वाहनतळावर गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाईल. मे महिना म्हणून स्वेटर गाडीत ठेवून निघू नका. आणि वारा सुटला की माळावर हट्टाने बसण्यात अर्थ नाही. ओढ्याच्या आडोशाला उतरा, ओढ्यात बुड्या मारणारा डिपर पक्षी तिथेच भेटतो.