बाळाचे ठोके मोजताना या चुका टाळा

डॉपलरवर (गर्भातल्या बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला ९२ आकडा आला की धावपळ उडते आणि १३० आला की सगळे निर्धास्त होतात. दोन्ही वेळा आईची नाडी पाहायची राहून जाते. सगळ्यांत धोक्याची चूक हीच. कळा जोरात असताना आईची नाडीही १२०-१३० पर्यंत जाऊ शकते आणि प्रोब (यंत्राचा पोटावर टेकवायचा भाग) तिच्या रक्तवाहिनीवर असेल तर यंत्र तेच ठोके दाखवतं. म्हणून एका हातात प्रोब धरा, दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर ठेवा. आवाज आणि नाडी एकाच लयीत चालत असतील तर ते ठोके बाळाचे नाहीत. लगेच जागा बदलून शोधा.

जागा शोधण्याआधी पोट हाताने तपासा. ठोके बाळाच्या पाठीच्या बाजूला स्पष्ट येतात. डोकं खाली असेल तर बेंबीच्या खाली, पायाळू असेल तर बेंबीच्या आसपास किंवा वर. हे न बघता पोटभर प्रोब फिरवत बसलं की वेळ जातो आणि आई घाबरते, ते वेगळंच.

पिनार्डचं नळकांडं (थेट कानाने ठोके ऐकायची साधी नळी) हाताने धरून ठेवू नका, बोटांची खरखर ऐकू येते. रुंद तोंड पोटावर टेका, कान घट्ट लावा आणि हात काढा. उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखी टिकटिक येईल. साधारण २४ आठवड्यांआधी पिनार्डने ठोके लागले नाहीत तर लगेच घाबरू नका. डॉपलरने ते साधारण १२ आठवड्यांपासून मिळतात.

१५ सेकंद मोजून चारने गुणू नका. एका ठोक्याची चूक चारची होते, मधली घसरणही निसटते. पूर्ण ६० सेकंद मोजा; प्रसूतीत कळ ओसरताच सुरू करा. मिनिटाला ११० ते १६० ठीक. आकडा याबाहेर असेल तर आईला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा मोजा, आणि तसाच राहिला तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा. उताणं झोपवल्याने गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो.

डॉपलरचा आवाज खरखरतोय? प्रोबखालचं जेल कमी पडलंय किंवा बॅटरी उतरलीय. पडद्यावरचा आकडा कानाशी जुळत नसेल तर कानाने मोजा. यंत्र कधी ठोके दुप्पट, कधी निम्मे धरतं.

घरी डॉपलर घेतलेल्यांसाठी: बाळाची हालचाल कमी वाटली तर ठोके ऐकून थांबू नका. ठोके लागले तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा.