जुनी फायबरची बोट घरीच दुरुस्त करायची तर आधी आतलं लाकूड बघा

जुनी फायबरग्लासची बोट हाती आली की सगळ्यांना घाई असते ती बाहेरून चकाचक करायची, पण रंग हे सगळ्यात शेवटचं काम आहे आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सोपं पण तेच. फायबर स्वतः कुजत नाही, कुजतं ते त्याच्या आत दडलेलं लाकूड. बहुतेक जुन्या बोटींमधे तळ ताठ ठेवणारे लांब स्ट्रिंगर, पाय ठेवायचा डेक, आणि मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम जिच्यावर आउटबोर्ड इंजिन लटकतं, ह्या तिन्ही ठिकाणी आत प्लायवूड किंवा बाल्सासारखं लाकूड असतं आणि वरून फायबरचे थर. कुणीतरी कधीतरी सीट बसवायला एक स्क्रू मारला, भोकात सीलंट घातलंच नाही, तिथून पाणी आत गेलं आणि बाहेर यायला वाटच नाही, की मग ते वर्षानुवर्षं आत मुरत बसतं आणि वरून सगळं छान दिसतं.

त्यामुळे पहिलं काम ठोकून बघायचं. प्लास्टिकची हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि मडकं वाजवून बघतो तसं सगळा डेक, ट्रान्सम, तळ वाजवत जा. चांगल्या जागी टणक खणखणीत आवाज येतो, खराब जागी भद्द, आणि हा फरक कान पाच मिनिटांत शिकतो. मार्करने खुणा करत जा. मग इंजिन लावलेलं असेल तर त्याचं खालचं टोक धरून वरखाली जोर द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी ट्रान्समकडे बघायला सांगा, तो वाकताना दिसला किंवा कडेने पाणी पाझरलं तर आतलं लाकूड गेलं असं धरून चाला. शंका राहिली तर आतल्या बाजूने, अगदी खालच्या भागात, ५-६ मिमीचं ड्रिल मारा (ड्रिल बिटला टेप गुंडाळा म्हणजे आरपार जाणार नाही) आणि भुसा बघा. फिकट कोरडा असेल तर ठीक, काळपट ओला आणि कुबट वासाचा असेल तर उत्तर मिळालं. मॉइश्चर मीटरवर एकट्यावर विसंबू नका, आत धातू असला किंवा वरचा पृष्ठभाग दमट असला तरी तो जास्तच दाखवतो.

बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या म्हणून घाबरायचं नाही, त्या बऱ्याचदा नुसत्या जेलकोटमधे, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थरात असतात. पण भेगा एखाद्या क्लीटच्या (दोर बांधायचा खुंटा) किंवा बोल्टच्या भोवती किरणांसारख्या पसरल्या असतील तर तिथे बोट वाकतेय, आणि वाकणं थांबवल्याशिवाय कितीही पुट्टी भरा, भेग परत येणार. पाण्याखालच्या भागावर फोड असतील तर ते ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरच्या थरांत पाणी मुरून आलेले, फोडताना गॉगल घालाच कारण आतलं आंबट वासाचं आम्लयुक्त पाणी दाबाखाली असतं आणि सरळ डोळ्यात उडू शकतं.

आता ठरवा. एकटा डेक गेला असेल किंवा एकटा ट्रान्सम, तर घरी होण्यासारखं काम आहे. स्ट्रिंगर, डेक, ट्रान्सम तिन्ही गेले असतील तर ती दुरुस्ती नाही, फक्त कवच ठेवून नवीन बोट बांधणं आहे, पहिल्याच वेळी त्यात पडू नये असं माझं मत.

कामाला लागायच्या आधी अंगाचं बघा. फायबर घासताना जी धूळ उडते ती फुप्फुसात जाते आणि कातडीत रुतते, तिथे कापडी मास्कचा काही उपयोग नाही, पी१०० फिल्टरचा रबरी रेस्पिरेटर पाहिजे. रेझिनच्या (फायबरचं कापड भिजवून घट्ट करणारा चिकट द्रव) वासासाठी वेगळे, ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज लागतात, धुळीचा फिल्टर वास अडवत नाही. अंगभर डिस्पोजेबल सूट, मनगटाला ग्लोव्हज टेपने चिकटवलेले, गॉगल. काम झालं की आधी थंड पाण्याने अंघोळ, न घासता. पॉलिस्टर रेझिनच्या हार्डनरला, म्हणजे ते सुकवून कडक करणाऱ्या द्रवाला, एमईकेपी म्हणतात, त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, लगेच पाण्याने धुवायला लागायचं, निदान १५ मिनिटं धुवत राहायचं आणि तिथून थेट डॉक्टर. अजून एक, रेझिन सुकायचा वेग वाढवणारा कोबाल्टचा ॲक्सिलरेटर वेगळा मिळाला असेल तर तो आणि एमईकेपी कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी एक रेझिनमधे नीट ढवळायचा, मगच दुसरा. शक्यतो ॲक्सिलरेटर आधीच घातलेलं रेझिन घ्या, कटकट नाही.

बोट ठेवणार कशी हा प्रश्न लोक विसरतात. स्ट्रिंगर काढले की तळ लवचिक होतो, आणि त्यावेळी तो ज्या आकारात असेल त्याच आकारात नवीन स्ट्रिंगर त्याला कायमचा बांधून टाकतात. म्हणून बोट सपाट, लेव्हल करून, खाली बऱ्याच ठिकाणी नीट आधार देऊन ठेवायची, आणि डेक कापायच्या आधी आडव्या लाकडी पट्ट्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ठोकायच्या म्हणजे रुंदी बदलणार नाही. स्ट्रिंगर सगळे एकदम काढू नका, एक काढा, त्या जागी नवा बसवा, मग दुसरा. काढायच्या आधी फोटो आणि मापं भरपूर घ्या, उंची, कडेपासूनचं अंतर, इंजिनचे बोल्ट कुठे आहेत, सगळं, आणि पुठ्ठ्याचे साचे कापून ठेवा. नंतर आठवेल असं वाटतं, आठवत नाही.

डेक कापताना सर्क्युलर सॉची खोली डेकच्या जाडीएवढीच ठेवा, खाली पेट्रोलची टाकी, वायर, केबल काय काय आहे ते आधी बघून. टाकी असेल तर ती रिकामी करणं पुरेसं नाही, वाफ राहते, बोटीतून काढूनच टाका. कडेने ५-७ सेमीची पट्टी शिल्लक राहू द्या, नवा डेक त्यावर बसवायला सोपा जातो. खाली बोट तरंगती ठेवणारा फोम असेल आणि तो पाणी प्यायलेला असेल तर सगळा खरवडून काढा, ओला फोम सुकत नाही, नुसतं वजन वाढवतो. मग बोट झाकून पण हवा खेळती ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्या. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया.

रेझिन कुठलं घ्यायचं ह्यावर वाद चालूच असतात. जुनी बोट बहुतेक पॉलिस्टर रेझिनची असते. पॉलिस्टर स्वस्त, लवकर सुकतं, पण जुन्या सुकलेल्या थरावर त्याची पकड इपॉक्सी ह्या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनएवढी नसते. इपॉक्सी जुन्या फायबरवर आणि लाकडावर दोन्हीवर मस्त चिकटतं, पाणीही कमी आत सोडतं. म्हणून लाकूड आणि जोड जिथे आहेत तिथे मी इपॉक्सीच म्हणेन. फक्त एक लक्षात ठेवायचं, इपॉक्सी पॉलिस्टरवर चालतं पण पॉलिस्टर किंवा जेलकोट इपॉक्सीवर भरवशाने चिकटत नाही, त्यामुळे इपॉक्सी वापरलं तर वर टू-पार्ट (दोन भाग मिसळून लावायचा) पेंटच मारायचा असं आधीच ठरवून टाका.

मिसळण्यात पण दोघांचा स्वभाव वेगळा. पॉलिस्टरमधे हार्डनर साधारण १ ते २ टक्के, म्हणजे एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम, गरम हवेत कमी, थंडीत जास्त. इपॉक्सीत असलं काही चालत नाही, कंपनीने ५ ला १ किंवा २ ला १ जे काही सांगितलं असेल तेच, हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट कायमचं चिकट राहतं. लवकर सुकायला पाहिजे तर फास्ट हार्डनर वेगळा मिळतो. आणि दोन्हीत डबा भरून मिसळू नका, मोठ्या गोळ्यात उष्णता कोंडते, डबा धूर सोडायला लागतो आणि वितळतो, थोडं थोडं मिसळा आणि पसरट ट्रेमधे ओता. फार थंडीत, म्हणजे १५ अंशांच्या खाली, पॉलिस्टरचं काम करूच नये.

कापडाचंही बघून घ्या. साधी चॉप्ड मॅट जिच्यात तुकडे बाइंडरने चिकटवलेले असतात ती पॉलिस्टरसाठी आहे, त्यातला बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नाही म्हणून मॅट कडकच राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीसाठी दोन दिशांच्या धाग्यांचं शिवलेलं बायअ‍ॅक्सियल कापड घ्या, १७०८ नावाने मिळतं ते अशा कामाला छान.

चिकटवायच्या जागेची तयारी म्हणजे अर्धं काम. आधी डीवॅक्सरने (मेण काढायचा द्रव) किंवा ॲसिटोनने पुसा, एका फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला, आणि हे घासायच्या आधी, कारण मेण असताना सँडिंग केलं तर मेण आतच घासलं जातं. मग ३६ किंवा ४० नंबरची डिस्क लावून ग्राइंडरने चमक जाईपर्यंत घासा. भोक किंवा तडा जोडताना कडा सरळ ठेवायच्या नाहीत, जाडीच्या १२ पट लांबीचा उतार काढायचा, म्हणजे ५ मिमी जाडी असेल तर सगळ्या बाजूंनी ६० मिमी. एवढं मोठं खरवडलेलं बघून जीव वर येतो पण ताकद ह्या उतारातच असते, नुसती भोकाएवढी ठिगळं निघून येतात.

थर लावताना आधी जागेला रेझिन लावा, मग कापड, मग ब्रशने किंवा रोलरने रेझिन, आणि मग दातेरी धातूचा रोलर फिरवून हवा बाहेर काढा. पांढरट दिसतंय तिथे कापड कोरडं आहे, रेझिनचं डबकं साचलंय तिथे जास्त झालंय, दोन्ही वाईट. कापड पूर्ण भिजेल एवढंच रेझिन पाहिजे, जास्त रेझिनने ताकद येत नाही, ठिसूळपणा येतो. पॉलिस्टरमधे मेण नसलेलं रेझिन वापरलं तर वरचा भाग चिकट राहतो, ते बरोबरच आहे, पुढचा थर त्याच्यावर बसतो. मेणवालं रेझिन फक्त शेवटच्या थराला. इपॉक्सीवर सुकल्यावर कधी कधी तेलकट थर येतो, तो साध्या पाण्याने आणि स्कॉचब्राइटने धुवायचा, धुतल्यावर मगच सँडिंग.

ट्रान्समचं काम आतून किंवा बाहेरून, एका बाजूची फायबरची कातडी कापून करता येतं. जुनं लाकूड खरवडून काढा, जाडी मोजा, आउटबोर्डच्या बऱ्याच लहान बोटींत ती ३८ मिमीच्या आसपास असते, पण तुमच्या बोटीची जी असेल तीच ठेवा कारण इंजिनचा ब्रॅकेट त्यावर बसायचा असतो. मरीन प्लायचे दोन तुकडे इपॉक्सीने एकमेकांना चिकटवा, सगळ्या कडांना इपॉक्सी पाजा, विशेषतः कापलेल्या कडांना कारण पाणी तिथूनच शिरतं. मग सिलिकाची पूड घालून पीनट बटरएवढं घट्ट केलेलं इपॉक्सी पसरून बसवा आणि क्लॅम्पने दाबा. एवढं आवळू नका की सगळं इपॉक्सी बाहेर येईल. कोपऱ्यात त्याच घट्ट इपॉक्सीचा गोलसर उतार द्या, काटकोनात कापड वळत नाही आणि मागे हवा राहते. मग त्यावर कापडाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा वेगळ्या रुंदीची म्हणजे सगळ्यांच्या कडा एकाच रेषेत येणार नाहीत. स्ट्रिंगरचीही रीत हीच, फक्त पाणी मागे वाहून जायला खाली वाट ठेवा आणि त्या भोकांच्या आत पण इपॉक्सी फिरवा.

भोकं! ही जुनी बोट भोकांमुळेच मेली होती. लाकूड असलेल्या जागी बोल्ट बसवायचा तर आधी मापापेक्षा मोठं भोक पाडा, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकल्यावर त्याच्या मधोमध खऱ्या मापाचं भोक. बोल्टभोवती इपॉक्सीची नळी तयार होते, सीलंट पुढे कधी फाटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. सीलंट मरीनचंच, आणि पुन्हा कधी काढावं लागणार असेल अशा वस्तूला कायमचं चिकटणारं लावू नका, काढताना फायबरचा तुकडा सोबत येतो.

डेक बंद करायच्या आधी फोम परत भरा, तो बुडू नये म्हणून असतो, गाळायची गोष्ट नाही. टू-पार्ट पॉलीयुरेथेनचा दोन पौंडी (घनफुटाला दोन पौंड वजनाचा) फोम एका घनफुटाला साधारण २७ किलो पेलतो. थोडा थोडा ओता, एकदम ओतला तर फुगून डेक उचलतो. आणि खालून पाणी जायची वाट फोमने बुजवू नका.

बाहेरचं काम आता. जेलकोट नुसता फिकट पडला असेल तर धुवा, पिवळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने काढा, कंपाउंड आणि पॉलिश मारा, बरेचदा एवढंच पुरतं. फारच खडूसारखा झाला असेल तर ६०० पासून १५०० पर्यंत वॉटर पेपर. टू-पार्ट पॉलीयुरेथेन पेंट घरी स्प्रे करू नका, त्यातल्या आयसोसायनेट ह्या विषारी रसायनाला साधा कार्ट्रिज मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारं उपकरण लागतं. रोलरने लावा आणि मागून लगेच ब्रशच्या टोकाने हलकं ओढा, दोन जण असले की फार सुंदर येतं. बोटीवर कोरलेला तिचा ओळख नंबर मात्र घासून टाकू नका.

वायर टिन केलेल्या (कथलाचा मुलामा दिलेल्या), प्रत्येक लाइनला फ्यूज, जॉइंट क्रिंप करून हीट-श्रिंक. इंजिनच्या आणि पेट्रोलच्या जवळ गाडीचे पार्ट लावायचे नाहीत, मरीन पार्टमधे ठिणगी बाहेर येत नाही, साठलेल्या वाफेत हाच फरक जीव वाचवतो. पेट्रोलचे पाइप जुने असतील तर सरळ बदला.

पहिल्यांदा पाण्यात सोडताना ड्रेन प्लग (तळाचं पाणी काढायच्या भोकाचं बूच) लावलाय ना बघा, बोट ट्रेलरला बांधलेलीच ठेवून तरंगू द्या आणि आत सगळीकडे टॉर्च मारा, बोल्टच्या मागे, ट्रान्समच्या खाली. कोरडं असेल तर सोडा, पहिली फेरी काठाजवळच मारा, परत आल्यावर प्लग काढून किती पाणी निघतं ते बघा आणि इंजिनचे बोल्ट एकदा आवळून घ्या.